मोटरहोम घेऊन युरोप: रात्री गाडी कुठे लावायची, कुठे नाही

वाटाड्या

मोटरहोम म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. उन्हाळा जवळ आला की "मोटरहोम रात्री रस्त्याकडेला लावून झोपलं तर चालतं का?" हा प्रश्न ठरलेला. म्हणून एकदाच सगळं एका धाग्यात.

आधी गैरसमज काढू. युरोपभर लागू असा मुक्कामाचा एक नियम नाही. परवाना आणि गाडीचं वजन यांवर युरोपीय संघाचे सामाईक नियम आहेत, झोपण्यावर नाहीत. ते देश ठरवतो, ऑस्ट्रियासारख्या ठिकाणी प्रांत ठरवतो आणि बऱ्याचदा गावची नगरपालिका ठरवते. त्यामुळे "फ्रान्समध्ये चालतं" हे उत्तर अर्धवट असतं. कुठल्या गावात, कुठल्या पाटीखाली, हे विचारा.

तरी जवळपास सगळीकडे मुळाशी एकच भेद आहे: गाडी नुसती उभी आहे, की तुम्ही बिऱ्हाड मांडलंय? उभ्या गाडीला वाहतुकीचे नियम लागतात. बिऱ्हाड मांडलं की कॅम्पिंगचे नियम लागतात आणि ते फार कडक असतात.

हा भेद सगळ्यात स्वच्छ शब्दांत इटलीने लिहिला आहे. तिथल्या वाहतूक संहितेचं कलम १८५ म्हणतं की पार्किंगला परवानगी असलेल्या जागी उभं मोटरहोम कॅम्पिंग ठरत नाही, पण तीन अटींवर. गाडी फक्त चाकांवर टेकलेली हवी. इंजिनाचा धूर सोडून गाडीतून काहीही बाहेर पडता कामा नये. आणि गाडीने स्वतःच्या आकारापलीकडे जागा व्यापता कामा नये. आत तुम्ही झोपलात, जेवलात की पत्ते कुटलेत, याच्याशी कलमाला देणंघेणं नाही. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे: सशुल्क पार्किंगमध्ये मोटरहोमकडून कारच्या दीडपट दर घेता येतो. मीटरवर जास्त पैसे दिसले म्हणून वाद घालू नका.

खारेवारे

चाकाखाली लेव्हलिंगची पिवळी पाचर ठेवली तर ती "चाकांवरच टेकलेली" धरतात का? एका बाजूला कललेल्या गाडीत रात्रभर डोकं खाली करून झोपणं कठीण, आणि गॅसचा फ्रिजही नीट चालत नाही.

वाटाड्या

इटलीच्या कलमाचे शब्द शब्दशः घेतले तर पाचरसुद्धा वादात येते, आणि काही गावांत पोलीस तसा अर्थ काढतात. मागचे आधारपाय खाली सोडणं मात्र निर्विवाद कॅम्पिंग. कॅम्पसाइट किंवा मोटरहोमच्या खास जागेत पाचर बिनधास्त वापरा. शहरातल्या साध्या पार्किंगमध्ये सपाट जागा शोधा.

स्पेनमध्ये चित्र थोडं वेगळं. उतारावर ३.५ टनांवरच्या गाडीच्या चाकाला उटी लावणं तिथे वाहतूक नियमांनुसार बंधनकारकच आहे. तिथल्या वाहतूक खात्याची २००८ ची सूचना आणि तिची जागा घेणारी २०२३ ची सूचना, दोन्ही इटलीच्याच धर्तीच्या: आत माणसं आहेत की नाहीत हा प्रश्न नाही, बाहेर काय दिसतंय हा प्रश्न. खुर्ची, टेबल, छत्रीसारखा मांडव, सांडपाण्याची उघडी तोटी यांतलं काहीही दिसलं की तुम्ही कॅम्पिंग करताय. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: मोटरहोमच्या खिडक्या खालून बाहेर ढकलून उघडतात. उघडी तावदानं गाडीच्या कडेबाहेर येतात आणि २००८ च्या सूचनेत तीसुद्धा मोजली आहेत. हवा हवी तर छतावरची झडप उघडा.

निळी_टाकी

जर्मनीचं लिहितो. तिथे सार्वजनिक रस्त्यावर किंवा पार्किंगमध्ये गाडीत झोपता येतं, पण कारण एकच: पुढे गाडी सुरक्षित चालवता यावी म्हणून विश्रांती. म्हणजे एक रात्र. दुसऱ्या रात्री त्याच जागी असलात तर ते विश्रांतीचं राहत नाही.

पाट्या वाचायला शिका, निम्मे दंड तिथेच वाचतात:

निळ्या 'पी'खाली कारचं चित्र असेल तर ती जागा फक्त कारसाठी. मोटरहोम कितीही छोटं असलं तरी त्यात बसत नाही.

गाडी अर्धी फुटपाथवर चढवलेली दाखवणारी निळी पाटी २.८ टनांपर्यंतच्याच गाड्यांना लागू. ३.५ टनांची गाडी तिथे चढवली तर दंड, शेजारी दहा व्हॅन तशा उभ्या असल्या तरी.

'पी'खाली मोटरहोमचं चित्र म्हणजे श्टेलप्लाट्स. ही खास मोटरहोमसाठी आखलेली जागा, बहुतेक गावाच्या कडेला, पोहण्याच्या तलावाजवळ किंवा वाइनच्या मळ्याशी. रात्रीचे साधारण १० ते २० युरो, काही ठिकाणी फुकट. बहुतेक जागांना आगाऊ आरक्षण नसतं. मे-जूनच्या लांब सुट्ट्यांत दुपारी तीनपर्यंत पोहोचा, सहाला जागा मिळत नाही.

इटुकली_पिटुकली

जर्मनीत गाडीत दहा तास झोपता येतं म्हणतात, ते "दहा तास" कायद्यात नेमकं कुठे आहे? सगळे तोच आकडा सांगतात.

निळी_टाकी

कुठेच नाही. तो ढोबळ अंदाज आहे. कायद्यात तास लिहिलेले नाहीत, हेतू महत्त्वाचा. रात्री नऊला येऊन सकाळी सातला निघालात तर कोणी विचारणार नाही. दुपारी दोनला येऊन पायऱ्या काढल्या, कुत्र्याला खांबाला बांधलं, तर दहा तासही तुमच्या बाजूने उभे राहणार नाहीत.

सेनकाठ

फ्रान्स म्हणजे मोटरहोमवाल्यांचं माहेर, पण माहेरालाही रीतभात असते.

मोटरहोमचं पार्किंग कारच्या पार्किंगसारखंच धरतात. एकाच जागी सलग सात दिवसांपेक्षा जास्त उभी गाडी 'अतिरेकी पार्किंग' ठरते. महापौराच्या आदेशाने ही मर्यादा खाली येऊ शकते आणि समुद्रकाठच्या गावांत येतेच. आदेशाची पाटी बहुधा गावाच्या वेशीवर, गावाच्या नावाच्या फलकाजवळ असते. पार्किंगच्या कोपऱ्यात शोधत बसू नका, गावात शिरतानाच बघा. उंचीचा आडवा दांडा हा तर न बोलणारा आदेश: किनाऱ्यावरच्या पार्किंगला १.९० ते २ मीटरवर लावलेला असतो.

बिऱ्हाड मांडण्यावर मात्र कायद्यानेच बंदी असलेल्या जागा आहेत: समुद्रकिनारा, संरक्षित निसर्गस्थळं, ऐतिहासिक वास्तूंपासून ५०० मीटरच्या आत, पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून २०० मीटरच्या आत.

रात्रीसाठी तीन वाटा. गावची 'एअर', म्हणजे मोटरहोमसाठी राखीव जागा. दुसरी, 'कॅम्पिंग-कार पार्क'ची साखळी: एकदा कार्ड काढायचं, त्यात पैसे भरायचे, फाटक कार्डाने उघडतं, चोवीस तासांचे पैसे कापले जातात. तिसरी 'फ्रान्स पासिऑन': वर्षाची वर्गणी भरली की शेतकरी, चीजवाले, वाइनवाले आपल्या अंगणात चोवीस तासांपर्यंत फुकट राहू देतात. विकत घेण्याची सक्ती नाही. पण आल्या आल्या यजमानाला भेटून नमस्कार करणं आणि निघताना सांगणं ही अट आहे. गाडीत स्वतःचं शौचालय आणि सांडपाण्याची टाकी हवीच, तंबू चालत नाही. जर्मनीत असंच 'लांडफेरग्न्यूगेन' आहे.

३.५ टनांवरची गाडी असेल तर 'आंग्ल मोर', म्हणजे मृतकोनाचे स्टिकर विसरू नका. १ जानेवारी २०२१ पासून फ्रान्समध्ये शहरी भागात सक्तीचे, परदेशी गाड्यांनाही, मोटरहोमलाही. दोन्ही बाजूंना पुढच्या एक मीटरात, आणि मागे उजवीकडे; जमिनीपासून ९० सेंटीमीटर ते दीड मीटर उंचीवर. नसेल तर १३५ युरो.

खारेवारे

पोर्तुगाल? २०२१ मध्ये सगळं बंद केलं असं वाचलं होतं.

वाटाड्या

तीच तर जुनी माहिती अजून फिरतेय. २०२१ च्या जानेवारीत लागू झालेल्या नियमाने अधिकृत जागेबाहेर झोपायला देशभर बंदी आली. मोटरहोमवाल्यांनी एवढा गदारोळ केला की ऑगस्टमध्ये कायदा बदलला. आताची स्थिती अशी: एका नगरपालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त ४८ तास, स्थानिक बंदी नसेल तर. नात्युरा २००० (युरोपीय संघाच्या निसर्गसंरक्षण जाळ्यातली) क्षेत्रं, संरक्षित क्षेत्रं आणि किनारा-नियोजनाच्या पट्ट्यात मात्र फक्त अधिकृत जागी. गंमत अशी की दक्षिणेतला आल्गार्व्ह आणि पश्चिम किनाऱ्यावरची लोकांना जिथे झोपायचं असतं ती बहुतेक सगळी कड्याकाठची जागा याच पट्ट्यात येते.

'रात्रीचा मुक्काम' म्हणजे काय, हेही त्यांनी लिहून ठेवलंय: रात्री ९ ते सकाळी ७ या वेळात आत माणसं असलेली उभी गाडी. त्यामुळे दिवसा कड्यावर सूर्यास्त बघा, स्वयंपाक आत करा, आणि नऊच्या आत आतल्या गावाच्या जागेत पोहोचा.

स्पेनमध्येही किनाऱ्याचा कायदा वेगळा. वाहतूक खातं "पार्किंग आहे" म्हणेल, पण वाळूला लागून असलेला सार्वजनिक सागरी पट्टा किनारा कायद्याखाली येतो आणि तिथे विनापरवाना गाडी लावणंच गुन्हा. दोन खाती, दोन दंडवह्या.

आडवळण

बाकीचे झटपट.

क्रोएशिया, स्लोव्हेनिया: कॅम्पसाइट किंवा अधिकृत जागेबाहेर झोपू नका. पहाटे दारावर थाप पडते.

ऑस्ट्रिया: प्रांतागणिक वेगळं. टिरोलमध्ये आणि व्हिएन्नात कॅम्पसाइटबाहेर झोपायला बंदी.

नेदरलँड्स: नगरपालिकांचे नियम, आणि जवळपास सगळ्यांनी बंदी घातलेली. कँपरप्लाट्स, म्हणजे मोटरहोमच्या खास जागा, मात्र मुबलक आणि स्वच्छ.

स्वित्झर्लंड: कँटन (प्रांत) आणि गाव ठरवतं. पाटी नसेल तर परवानगी आहे असं गृहीत धरू नका.

उत्तरध्रुव

उत्तरेबद्दल एक मोठा गैरसमज. नॉर्वे-स्वीडनमध्ये "सर्वांचा हक्क" आहे, कुठेही राहता येतं, असं सर्रास लिहिलं जातं. तो हक्क पायी चालणाऱ्याचा आणि तंबूवाल्याचा. नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्यातलं "घरापासून १५० मीटर, दोन रात्री" हे तंबूसाठी आहे. इंजिन असलेली गाडी रस्ता सोडून माळावर घालायला दोन्ही देशांत कायद्याने मनाई. ओल्या गवतावर साडेतीन टन गेले की चाकोऱ्या वर्षानुवर्षं राहतात, म्हणून लोकही चिडतात. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर तर जागोजागी स्थानिक बंदीच्या पाट्या.

स्वीडनमध्ये महामार्गाच्या विश्रांतिस्थळांवर कामाच्या दिवशी सलग २४ तास उभं राहता येतं, शनिवार-रविवारी ही मर्यादा सैल होते. पाटीवर कमी तास लिहिले असतील तर पाटी खरी.

स्कॉटलंडचंही तसंच. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने दिलेला फिरण्याचा हक्क मोटारीला नाही. "रस्त्यापासून पंधरा यार्डांपर्यंत गाडी नेता येते" हे वाक्य लोक १९८८ च्या रोड ट्रॅफिक अॅक्टातून उचलतात. पण ते फक्त रस्ता सोडण्याच्या गुन्ह्यातून सूट देतं. जमीनमालकाची परवानगी किंवा रात्र काढायचा हक्क देत नाही. लॉख लोमंड उद्यानातल्या ठरावीक पट्ट्यांत १ मार्च ते ३० सप्टेंबर परवाना लागतो. सार्वजनिक रस्त्यावर उभ्या गाडीत झोपणं त्यातून वगळलंय. सोयीची वाट म्हणजे वनखात्याची 'स्टे द नाइट' योजना: ठरलेल्या वाहनतळांवर संध्याकाळी ६ ते सकाळी १०, आणि ४८ तासांत एकच रात्र.

इंग्लंडमध्ये असा हक्क कुठेच नाही. लंडन-स्लाऊकडच्या मंडळींना सोपं पडतं ते पबच्या मागे, मालकाला आधी फोन करून. नाहीतर मोटरहोम-क्लबांची पाच-पाच गाड्यांची छोटी शेतावरची ठिकाणं.

काटेकोर

मुक्कामावर चर्चा खूप होते, वजनावर कोणी बोलत नाही. प्रत्यक्षात महामार्गावर पोलीस जागा विचारत नाहीत, काट्यावर चढवतात. भाड्याच्या किंवा विकतच्या बहुतेक गाड्या ३५०० किलोंच्या कमाल वजनात नोंदलेल्या असतात, कारण साध्या कारच्या 'बी' परवान्याची हद्द तिथे संपते. हिशेब मांडून बघा, चार माणसांचं कुटुंब:

गाडीचं 'धावतं वजन' समजा २९८० किलो. यात चालक ७५ किलोंचा धरलेला, डिझेल ९० टक्के, एक गॅस. उरले ५२०.
बाकी तीन माणसं १८५. उरले ३३५.
बाहेरचा मांडव ३०. उरले ३०५.
पाण्याची टाकी १०० लिटरची, पण धावत्या वजनात अनेक कंपन्या २० लिटरच धरतात. भरलीत तर आणखी ८०. उरले २२५.
दुसरा ११ किलोंचा गॅस, लोखंडी बाटलीसकट २३. उरले २०२.
दोन ई-सायकली आणि स्टँड ६०. उरले १४२.
टेबल-खुर्च्या २५. उरले ११७.
कपडे, भांडी, कुकर, तांदूळ-पीठ, माणशी २० प्रमाणे ८०. उरले ३७.

आणि आता खरी मेख: कंपनीच्या धावत्या वजनाला ५ टक्क्यांची सूट आहे. २९८० चे ५ टक्के म्हणजे १४९. तुमची गाडी कारखान्यातूनच तेवढी जड आली असेल तर हिशेबात ३७ किलो शिल्लक दिसत असताना काट्यावर तुम्ही ११२ किलो वर.

उपाय साधा. पूर्ण भरलेली गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर न्या आणि तीनदा तोला: पूर्ण, फक्त पुढचा आस, फक्त मागचा आस. पाणी २० लिटरच घेऊन निघा, मुक्कामी भरा.

इटुकली_पिटुकली

मागचा आस वेगळा का? एकूण बसलं म्हणजे झालं ना?

काटेकोर

नाही ना. सायकली मागच्या चाकाच्याही मागे लटकतात, तराजूच्या लांब दांडीसारख्या. दोन आसांमधलं अंतर ४.०३५ मीटर, आणि सायकलींचा भार मागच्या आसापासून २.४ मीटर मागे असेल, तर ६० किलोंच्या सायकली मागच्या आसावर ९६ किलो टाकतात आणि पुढचा आस ३६ किलोंनी हलका करतात. एकूण वजन कायद्यात, मागचा आस कायद्याबाहेर, आणि पुढची चाकं ओल्या चढावर फिरायला लागतात. लांब शेपटीच्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं.

सायकली मागे लावल्यात तर इटली आणि स्पेनमध्ये ५० बाय ५० सेंटीमीटरची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची परावर्तक पाटी मागे हवी. इटलीला अॅल्युमिनियमची लागते. स्पेनमध्ये सामान गाडीच्या पूर्ण रुंदीचं असेल तर दोन पाट्या, उलट्या 'व्ही'सारख्या.

टोलनाका

३५०० ही रेषा टोललाही लागू.

ऑस्ट्रिया: ३.५ टनांपर्यंत व्हिनिएट (ठरावीक मुदतीचा टोल-पास), त्याहून जड गाडीला गो-बॉक्स (गाडीत लावायचं टोलयंत्र), किलोमीटरप्रमाणे. डिसेंबर २०२३ पासून नोंदणीपत्रातलं 'एफ.१', म्हणजे तांत्रिक कमाल वजन बघतात. कागदोपत्री ३५०० वर उतरवलेल्या गाड्यांनी हे तपासा. जुन्या नोंदणीच्या गाड्यांना सवलत आहे. गो-बॉक्सचा आवाज ऐका: एक टीप म्हणजे टोल कापला, चार म्हणजे कापलाच नाही. चार वाजल्या तर ५ तास आणि १०० किलोमीटरच्या आत विक्री केंद्रावर जाऊन भरा, नाहीतर कॅमेरा दंड पाठवतो.

स्वित्झर्लंड: ३.५ टनांपर्यंत ४० फ्रँकचं वर्षाचं व्हिनिएट. त्याहून जड गाडीला दिवसाला ३.२५ फ्रँक, किमान २५. किंवा वर्षात हवे ते दहा दिवस ३२.५० ला. दोन आठवडे नुसतं आरपार जाणाऱ्याला दहा दिवसांचा पर्याय बरा, कारण फक्त चाललेले दिवस मोजतात.

फ्रान्स: २ ते ३ मीटर उंच आणि ३.५ टनांपर्यंत टोलचा क्लास २. उंची ३ मीटरला पोचली की क्लास ३, खिसा हलका. छतावर एसी किंवा डिश बसवताना हा हिशेब करा.

जर्मनीत मोटरहोमला टोल नाही, पण ३.५ टनांवरच्याला ऑटोबानवर (महामार्गावर) ताशी १०० किलोमीटर आणि गावाबाहेर ८० ची मर्यादा, शिवाय ट्रकांसाठीची ओव्हरटेक-बंदीही लागू. रस्त्याचं काम चालू असताना डावी मार्गिका २.१ किंवा २.२ मीटर रुंदीपुरती असते, आणि ही रुंदी आरशांसकट मोजतात. मोटरहोम आरशांसकट २.७ च्या आसपास. उजवीकडेच राहा.

खारेवारे

भारतातून आईबाबा येणार असतील आणि बाबांना चालवायचं असेल तर?

टोलनाका

आंतरराष्ट्रीय परवाना भारतातून निघण्याआधी आरटीओतून काढायचा: परिवहन पोर्टलवर फॉर्म ४ए, शुल्क १००० रुपये, एक वर्ष चालतो. मूळ परवाना सोबत हवाच. अडचण वजनाची. भारतात 'एलएमव्ही' म्हणजे ७५०० किलोंपर्यंत, पण इकडे 'बी' म्हणजे ३५००. भारतात टेम्पो ट्रॅव्हलर चालवणाऱ्यालाही इथे ४.२ टनांचं मोटरहोम चालत नाही. भाड्याच्या कंपन्या वय आणि परवान्याची वर्षं वेगवेगळी मागतात. दुसरा चालक करारात लिहून घ्या, नाहीतर विमा लागू होत नाही.

शेंगेनसाठी ९० दिवस, कोणत्याही सलग १८० दिवसांत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आत आहे. "क्रोएशियात जाऊन दिवस मोजणं थांबवू" ही जुनी युक्ती संपली. व्हिसाच्या अर्जात राहण्याचा पुरावा लागतो. "मोटरहोममध्ये राहू" एवढ्यावर भागत नाही. भाडेकरार, आणि रोजच्या मुक्कामांची कॅम्पसाइट आरक्षणं जोडा. रद्द करता येतील अशी घ्या.

निळी_टाकी

आता माझ्या नावाला जागून. टॉयलेट कॅसेट, म्हणजे मैल्याची बाहेर काढता येणारी टाकी, साधारण १७ ते १९ लिटरची, चार माणसांत दोन दिवस. ती रिकामी करायची फक्त त्यासाठीच्या जागी. महामार्गावरच्या शौचालयात ओतू नका: कॅसेटमध्ये घालायचं निळं रसायन जंतू मारतं, आणि छोट्या गावांचे मैलाशुद्धी प्रकल्प जंतूंवरच चालतात.

पद्धत: नळी बाहेर वळवा, टोपण काढा, ओतताना अंगठ्याने हवेचं बटण दाबून धरा. ते दाबलं नाही की गुडगुड करत उसळी येते आणि बुटांवर पडते. धुऊन झाल्यावर दोन लिटर पाणी आणि मग रसायन. कोरडी टाकी लावली तर तळाला चिकटतं.

तिथे दोन तोट्या असतात. एक कॅसेट धुवायची, दुसरी पिण्याची. लोक पहिलीचं तोंड कॅसेटमध्ये खुपसतात. पिण्याची टाकी तिच्यातून कधीही भरू नका, चित्र नीट बघा. फ्रान्समध्ये पाणी-वीज देणाऱ्या यंत्राला नाणं किंवा टोकन लागतं, साधारण १०० लिटर पाणी किंवा तासाभराची वीज मिळते. रविवारी टोकन विकणारी बेकरी बंद असते, शनिवारीच घ्या.

सांडपाणी हा आपल्या स्वयंपाकाचा खास प्रश्न. डाळीचं, पिठाचं पाणी आणि फोडणीचं तेल टाकीत साचलं की उन्हात तिसऱ्या दिवशी असा वास येतो की शेजारी जागा बदलतात. ताट-पातेलं आधी कागदाने पुसा, मग धुवा. चहाचा चोथा कचऱ्यात. सिंकखालचा पाइप जेमतेम अंगठ्याएवढा असतो, दोन दिवसांत तुंबतो.

थंडीत आणखी एक: हीटरच्या बॉयलरला दंवझडप असते. आतलं तापमान ३ अंशांच्या आसपास गेलं की ती आपोआप उघडते आणि बॉयलरचं पाणी खाली सोडते. "टाकी फुटली" असं वाटतं, फुटलेली नसते. आधी हीटर लावून झडपेपाशी ७ अंशांच्या वर नेलं तरच ती पुन्हा हाताने बंद करता येते. मगच पाणी भरा.

आडवळण

गॅसचंही लिहा कोणीतरी. स्पेन-पोर्तुगालमध्ये मिळणारी बाटली बऱ्याचदा ब्युटेनची. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. दक्षिणेत बदललेली बाटली घेऊन आल्प्समध्ये चढलात तर रात्री हीटर बंद. कडाक्याच्या थंडीत गॅस दिवसाला दोन-तीन किलो जातो, म्हणजे ११ किलोंची बाटली चार-पाच दिवस. शिवाय प्रत्येक देशाचा जोड वेगळा, आणि एका देशाची बाटली दुसऱ्या देशात बदलून मिळत नाही.

इटुकली_पिटुकली

कॅम्पसाइटला वीज घेतली तर इंडक्शनवर पोळ्या होतील का? गॅस वाचेल.

काटेकोर

खांबावर अँपिअर लिहिलेले असतात, ते आधी वाचा. इटली-फ्रान्समध्ये ६ अँपिअर सर्रास. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॉट. हीटर विजेवर ९०० ला, फ्रिज १७०, बॅटरी चार्जर २५०: झाले १३२०. इंडक्शन २००० चा. लावला की खांबाचा खटका पडणार, आणि खांबाचं दार बऱ्याच ठिकाणी कुलपात असतं. रात्री दहानंतर कार्यालय बंद, म्हणजे सकाळपर्यंत अंधार. १६ अँपिअर असेल तरच, तेही हीटर बंद करून.

केबल २५ मीटर, तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटर, निळ्या सीईई प्लगची. रिळावर असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळातून हजार वॉटच्या वर नेलं की आतली तार तापून वितळते. जुन्या फ्रेंच कॅम्पसाइटना साधा घरगुती सॉकेट असतो, त्याचा जोड सोबत ठेवा.

खारेवारे

शेवटचा प्रश्न. मुक्कामाच्या जागा दाखवणाऱ्या अॅपवर हिरवी खूण आहे, वीस लोकांनी "शांत झोप लागली" लिहिलंय, आणि तिथे पाटीवर बंदी. काय धरायचं?

वाटाड्या

पाटी. अॅपमधले शेरे तारखेनुसार लावून फक्त गेल्या दोन-तीन महिन्यांतले वाचा. "पोलीस आले" हा एक ताजा शेरा वीस जुन्या शेऱ्यांना भारी. उजेड असताना पोहोचा, म्हणजे पाटी दिसते आणि दुसरी जागा शोधायला वेळ राहतो. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा, चालकाची जागा सामानाने भरू नका, पायरी आत घ्या. रात्री दार वाजलं तर आतला दिवा लावून खिडकीतून बोला आणि "निघा" म्हटलं तर निघा. वाइन घेतली असेल तर तसं सरळ सांगा, कारण त्या अवस्थेत गाडी हलवणं हा पार्किंगपेक्षा कितीतरी मोठा गुन्हा आहे. म्हणूनच शंकास्पद जागी बाटली उघडायची नाही.